वाल्देमारचा वाटा

तासबुलाक,
११ ऑक्टोबर १९९६

चि. तोलेगेन यास,
तुझ्या आपाचे अ. उ. आ. आणि कपाळावर एक मुका.

पत्र लिहिण्यास कारण असं काही नाही, म्हणजे पुष्कळ आहे. तुझ्या ट्रकवाल्याने सफरचंदांची खोकी चार जिने चढवून आणली आणि धापा टाकत म्हणाला की तुमच्या भावाने तळमजल्यावरची बहीण बघायला हवी होती. त्याला चहा पाजून पाठवला. घरभर वास सुटलाय, जणू तुझं अल्माटीच येऊन राहिलंय. ऊब मात्र त्याने आणली नाही. नळ्या अजून थंडच आहेत. कोळशाच्या खाणीवर वसलेलं गाव आणि गावालाच शेक नाही. आम्ही दोघं स्वयंपाकघरात राहतो, कोट घालून.

संस्कृती भवनाचं छत गळायला लागल्यापासून वाद्यवृंदाच्या साऱ्या वह्या, कुणी कधी काय वाजवायचं त्या, दोन पेट्यांत भरून आमच्याकडे आल्यात. त्या सांभाळणारी बाई वसंतातच जर्मनीला गेली. आता मी त्या पेट्यांवर पीठ मळते.

आणि गेल्या महिन्यात वाल्देमारही गेला. सव्वीस वर्षं पहिला हॉर्न वाजवला त्याने. निरोपाला आला, तेव्हा आईने विणलेली आपली बसायची उशी माझ्या नवऱ्याच्या, तुझ्या झेझ्देच्या, हातात देऊन म्हणाला की ही खुर्चीवरच राहू दे, तिथल्या खुर्च्या मऊ असतात म्हणे. बासष्ट वादक होते, चौतीस उरले.

वाद्यवृंदाचा संचालक असून तुझा झेझ्दे रोज संध्याकाळी त्या वह्या घेऊन बसतो आणि पेन्सिलीने चिताडतो. बासून फुंकणाऱ्या म्हाताऱ्या पाकच्या वहीत काही, व्हायोलावाल्यांच्या वहीत काही. बाण, गोल, कुणाकुणाची नावं. कुणाला शब्दकोड्यांचा नाद असतो, ह्याला हा. मी खाणीच्या दवाखान्यात नर्स म्हणून जन्म काढला, मला त्यातलं काय कळणार? पण आपल्या पोरांच्या वह्या अशा असत्या तर मी कान उपटले असते.

खरी गोष्ट आता सांगते. वीस डिसेंबरला त्याला त्रेसष्ट पूर्ण होतील आणि एक जानेवारीपासून घरी बसा असा कागद आलाय. ज्याच्याकडे 'गुणवंत कलाकार' ही पदवी आहे, त्यालाच पुढे राहता येतं. ह्याने ती कधी मागितली नाही आणि कुणी दिली नाही. काही हरकत नाही म्हणतो. पण बत्तीस वर्षं हा माणूस दाढी करताना गुणगुणत आला, तो कागद आल्यापासून गप्प दाढी करतो.

तू यात पडू नकोस. नुसतं कळवलं. मऊ पेन्सिली मिळाल्या तर पाठव, इथे मिळत नाहीत.

लोभ आहेच, तो या थंडीत गोठू देऊ नकोस.
तुझी,
कामशात आपा

———

अल्माटी,
२७ ऑक्टोबर १९९६

ती. कामशात आपास,
शि. सा. न. वि. वि.

पडू नकोस असं तू लिहिलंस तेव्हाच समजलो की पडायचं आहे. पडलो. पदव्यांच्या समितीतल्या एकाचा भाऊ माझ्याकडून टायर घेतो. तिघंजण चौदा डिसेंबरच्या कार्यक्रमाला तासबुलाकला येतील. त्यांनी होकार दिला की नव्या वर्षाच्या आत पदवी, आणि झेझ्दे आपल्या जागी. नकार दिला तर तू आणि ते आणि त्या दोन पेट्या.

आपा, मी एकोणीस वर्षांचा असताना वाद्यवृंदाचा ट्रक चालवायचो ते तुला आठवतं. एकदा माळावर इंजिन अडखळायला लागलं. मी बॉनेट उघडून नुसता बघत होतो. झेझ्दे खाली उतरले, डोळे मिटून उभे राहिले आणि म्हणाले की मेव्हण्या, मला यंत्रातलं काही कळत नाही, पण चौघांतला तिसरा गप्प आहे. तिसराच सिलिंडर निघाला. वर हेही म्हणाले की कोण वाजतंय ते गाढवालाही ऐकू येतं, कोण गप्प आहे ते ऐकायला शिक. त्या एका वाक्यावर मी आज सात ट्रकांचा मालक आहे. बाकीचे जुनी गाडी घेताना रंग बघतात, मी डोळे मिटतो.

पण या समितीतले लोक कान घेऊन येत नाहीत, डोळे घेऊन येतात. त्यांच्या प्रमुख बाईंची मी चौकशी केली. पहिल्यांदा वादकांच्या वह्या मागवतात. एका गावात डागाळलेल्या, रेघोट्या मारलेल्या वह्या बघून तिथेच नाक मुरडलं म्हणे. तेव्हा जे जे दिसेल ते लख्ख असू दे. पडदा धू. झेझ्देंच्या कोटासाठी काळं कापड पाठवतोय, शिंपी तूच गाठ. ते स्वतः हो म्हणणार नाहीत, म्हणून मापं झोपेत घे.

पेन्सिलीही पाठवल्यात, चार डझन. बाजारातल्या चिनी बाईने त्यावर खोडरबरांचा डबा फुकट दिला, स्ट्रॉबेरीचा वास येतो. शेजारच्या पोरांना वाट.

हिवाळ्याचा घोडा कापाल तेव्हा माझा सिबागा, माझ्या नावाचा वाटा, बाजूला ठेव. चरबी कमी असलेला तुकडा माझ्या नावाने ठेवलास तर नातं तोडीन.

आपली माया अशीच वरून खाली वाहत राहो,
तुझा धाकटा,
तोलेगेन

———

तासबुलाक,
२४ नोव्हेंबर १९९६

चि. तोलेगेन यास,
अ. उ. आ.

घाबरू नकोस, आता उतार आहे. तुझ्या झेझ्देला फुप्फुसाची सूज आली. नऊ दिवस दवाखान्यात आहे, परवा घरी आणीन. माझ्या हाताखाली शिकलेल्या पोरी आहेत तिथे, अंथरूण सोडू देत नाहीत. आवाज बसलाय, हात कापतो. भेटायला गेले की एकच विचारतो, वह्या कोरड्या आहेत ना. मी आपली हसते आणि सूप पाजते.

हसते कारण मी त्याच्यासाठी एक गंमत करून ठेवलीय. तुझं पत्र वाचल्यापासून डोक्यात होतं. नऊ दिवसांत दोन्ही पेट्या रिकाम्या केल्या. पानन् पान पुसलं. बाण, गोल, नावं, कुणी काढलेली चष्म्यांची चित्रं, सगळं. जिथे जिथे पेन्सिल, तिथे तिथे रबर. फाटलेल्या कडा चिकटवल्या, मधले टाके नवे घातले. तुझे अकरा रबर संपले. बोटं वळत नाहीत आणि भाकरीलाही स्ट्रॉबेरीचा वास येतो. पण वह्या अशा दिसतात, रे, की नव्या सुनेच्या पेटीतली चादर. त्या बाईंनी खुशाल चष्मा लावून बघावं.

तो मोठा ग्रंथ, ज्यात सगळ्यांचं सगळं छापलेलं असतं, त्याला मी हात लावला नाही. तो त्याचा, पवित्र. वह्या तर नुसत्या वादकांच्या.

घोडा कापला. तुझा सिबागा बाल्कनीत टांगलाय, चरबीसकट. सवयीने वाल्देमारचाही काढून ठेवला. दर वर्षी तो पहिल्या बर्फाबरोबर यायचा. आता येणार नाही हे माहीत आहे, पण एकदा त्याच्या नावाने काढलेला वाटा दुसऱ्याच्या पानात कसा वाढू?

तुझ्या मुलाबाळांना माझी ऊब पाठवते, जेवढी उरलीय तेवढी.
कामशात आपा

———

अल्माटी,
३० नोव्हेंबर १९९६

ती. आपास सा. न.

ड्रायव्हर खाली उभा आहे, थोडक्यात लिहितो. चूक माझी आहे. हे आधी वाच, मग पुढचं.

तू पुसलंस ते चिताडलेलं नव्हतं. वाद्यवृंदातून एकेक माणूस जात होता तेव्हा झेझ्दे त्याचे सूर उरलेल्यांत वाटत होते. म्हातारा माणूस बैठकीत मांस कसं वाटतो, तू पाहिलंयस. कुणाला खुब्याचं हाड, कुणाला बरगडी. कुणाच्या दातांना काय झेपेल ते बघून, कुणाचा मान न दुखवता. तसं. वाल्देमारचे चार सूर पाकला, कारण त्याचं बासून तेवढंच खोल जातं. पुढचे सहा व्हायोलांना. ज्याला त्या वेळी स्वतःचं काही वाजवायचं नसेल त्याला. आणि असं की समोर बसलेल्याला सांधा ऐकू येऊ नये. चार वर्षं ते हे करतायत. त्या मोठ्या ग्रंथात यातलं काहीही नाही. तिथे बासष्ट जणांचं छापलंय. चौतीस जणांचं फक्त त्या वह्यांत होतं.

मला हे माहीत होतं. तुझं पहिलं पत्र वाचलं तेव्हाच सांगायला हवं होतं. मला वाटलं, बत्तीस वर्षं त्याच टेबलावर बसणाऱ्या बाईला मी काय सांगू? आणि वर मीच लिहिलं की लख्ख कर. आणि वर मीच रबर पाठवले. एवढा हुशार मी.

समितीची तारीख पुढे ढकलून बघितली. फेब्रुवारी म्हणाले. फेब्रुवारीत झेझ्दे तिथे नसतील. चौदा तारीखच आहे. झेझ्दे काय म्हणाले ते कळव.
तोलेगेन

———

तासबुलाक,
८ डिसेंबर १९९६

चि. तोलेगेन,
आशीर्वाद.

तो एका शब्दानेही रागावला नाही.

घरी आणलं, चहा दिला, आणि मी लग्नातल्या मुलीसारखी पेट्यांपाशी उभी राहिले. त्याने एक वही उघडली, मग दुसरी, मग तिसरी. वास घेतला. हे कुणी केलं म्हणून विचारलं. मी म्हटलं मी. बराच वेळ पानावर हात फिरवत बसला. मग म्हणाला की किती स्वच्छ झाल्यात. मग माझी बोटं बघितली, मेंढीची चरबी गरम करून आणली आणि एकेक बोट चोळून दिलं. मला वाटलं खूष झाला. तुझं पत्र पुढच्या आठवड्यात आलं.

पत्र घेऊन त्याच्यासमोर बसले. मला का बोलला नाहीस म्हटलं. शिव्या तरी द्यायच्या होत्यास. तर म्हणाला की नऊ दिवस तू माझ्याशिवाय होतीस आणि नऊ दिवस माझंच काम करत होतीस, त्यावर शिवी कुठली घालू? त्यापेक्षा थोबाडीत दिली असती तर झोप लागली असती मला.

हात कापतो म्हणून लिहिता येत नाही. पाच दिवसांत चौदा तारखेच्या रचनेचा पहिला भाग कसाबसा उतरवून काढला, उरलेले तीन तसेच पांढरे. मोठ्या ग्रंथात बघून मी लिहू का म्हटलं, तर म्हणाला की ग्रंथात बघून लिहिता आलं असतं तर कुणीही लिहिलं असतं.

तालमींना मीही जाते आता, औषध घेऊन. आवाज नाही त्याला. पहिल्या दिवशी कागदावर लिहून दाखवलं, जे आठवतं ते वाजवा, जे आठवत नाही तिथे शेजारी कोण गप्प आहे ते ऐका. बोल, हे काय औषध झालं? एका जागी तिघं एकदम वाजवतात, दुसरीकडे कुणीच नाही. पाकला सगळं आठवतं, पण सत्तराव्या वर्षी श्वास पुरत नाही. काल दोघी व्हायोलावाल्या भांडल्या की हा सूर तुझा का माझा. तो नुसता उभा असतो, हात छातीपाशी धरून. थकलाय रे. मीही.

कोट शिवून झाला. छान बसतो. त्याचं काय करू आता?
कामशात

———

अल्माटी,
१६ डिसेंबर १९९६

ती. कामशात आपास,
शि. सा. न. वि. वि.

कार्यक्रमाला तू कोटांच्या खोलीत का बसलीस ते विचारत नाही. समितीला स्टेशनवर सोडायचं होतं म्हणून मला भेटताही आलं नाही. तर आधी तुला काय ऐकू आलं नाही ते सांगतो. दुसरी गोष्ट मागून सांगतो, ती तुला ठाऊक असेलच.

दुपारचे तीन, सभागृहात लोक टोप्या घालून, वादकांच्या हातात बोटं कापलेले मोजे. नवा कोट झेझ्देंना शोभत होता. पहिला भाग ठीक गेला. दुसरा, तो संथ भाग, वाल्देमारच्या हॉर्नने सुरू होतो. खुर्ची रिकामी, उशी तिथेच.

झेझ्देंचे हात तू बघितलेयस. काठोकाठ भरलेला चहाचा वाडगा कुणी घरभर नेतंय, तेवढेच हलतात. त्यांनी पाककडे पाहिलं, करंगळी जराशी उचलली, म्हाताऱ्याने सुरुवात केली. मी श्वास मोजत होतो. वहीतल्या सातव्या घरात पाक थकणार हे मला ऐकू आलं. पण तो थकायच्या आधी झेझ्दे व्हायोलांकडे वळलेही होते. पाकचा सूर खाली बसला नाही तोच व्हायोलांनी खालून हात दिला. सांधा कुठे होता म्हणून मला विचारशील तर मी, जो डोळे मिटून ट्रक घेतो, शपथेवर सांगू शकणार नाही. मग चेलो, मग परत पाक. कुणाच्या वहीत काही नाही. ते एकेकाकडे आधीच बघत होते, जसं कुणाचं ताट रिकामं होणार आहे ते घरधन्याला आधीच कळतं.

मग त्या धुनेचं शेवटचं उंच टोक आलं. दोन उभ्या रेघांमधलं एकच घर, चार ठोक्यांचं. पाककडे श्वास नव्हता. एका व्हायोलावालीने गज उचलला. झेझ्देंनी तळवा दाखवला, थांब. मग रिकाम्या खुर्चीकडे वळले आणि वाल्देमारला इशारा केला. सव्वीस वर्षं करत होते तसाच, तेवढाच. आणि चार ठोके मोजले. आपा, कुणी वाजवलं नाही. सभागृहात खोकला नाही. माझ्या मागे एक बाई नवऱ्याच्या कानात म्हणाली की अगोबाई, वाल्देमार गेला वाटतं. ऑक्टोबरातल्या आणि नोव्हेंबरातल्या कार्यक्रमालाही ती माझ्या चुलतभावाच्या शेजारी बसली होती, त्यानेच सांगितलं. तेव्हा तिला कळलं नव्हतं. झेझ्देंनी कळू दिलं नव्हतं. चार वर्षं हा माणूस भोकं बुजवत होता आणि बुजवणारा दिसत नव्हता.

आता दुसरी गोष्ट. गाडीत प्रमुख बाई पुढे बसल्या होत्या. म्हणाल्या की वादक गुणी आहेत, संचालक मात्र काही करतच नाही. हात हलत नाहीत. एके ठिकाणी तर कुणाला तरी आत घ्यायलाच विसरला, अख्खा वाद्यवृंद चार ठोके खोळंबला. असा संचालक असला काय, नसला काय. मग मला विचारलं की तुम्हाला काय वाटलं. मी आजवर इंजिन नसलेली गाडीही विकलीय. पण मला तिसरा सिलिंडर सोडून काही सुचेना. ते सांगितलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या की रस्त्याकडे लक्ष द्या.

वह्या मात्र फार आवडल्या त्यांना. इतकी नेटकी वह्यांची व्यवस्था कुठे पाहिली नाही म्हणाल्या. त्याचं प्रशस्तिपत्र पाठवणार आहेत.

मला रागव. लेखी रागव, म्हणजे जपून ठेवीन.
तुझा,
तोलेगेन

———

तासबुलाक,
१९ जानेवारी १९९७

चि. तोलेगेन यास,
आशीर्वाद, आणि मेव्हण्याला द्यायची असते ती एक चापट.

मी पत्रं लिहीत नाही हे तू जाणतोस. हेही मी सांगतोय आणि तुझी आपा लिहितेय, तेव्हा तिच्याबद्दल वाईट काही सापडणार नाही.

एकतीस तारखेला किल्ल्या दिल्या. प्रशस्तिपत्र आलं. टेबलाचा एक पाय आखूड होता, आता टेबल हलत नाही. दिवस लांब असतात. चार जिने खाली उतरलो की वर यायचं असतं म्हणून उतरत नाही. कामशात म्हणते मी परवा दाढी करताना गुणगुणत होतो. मला तसं वाटत नाही.

माझ्या जागी येरनार आलाय, राजधानीत शिकलेला, हात मोठे, केस मोठे. माणूस वाईट नाही. आठ दिवस त्याने तालीम घेतली. गेल्या गुरुवारी दुपारी दार वाजलं. बघतो तर पाठीवर वह्यांची पेटी, टोपीवर बर्फ. लिफ्ट बंद, चारही जिने चढून आलेला. पेटी उतरवून दाराला टेकला. मग म्हणाला की आगा, ग्रंथात आहे ते सगळं मी करतो, वादक वहीत आहे ते सगळं वाजवतात, आणि तरी दात पडलेल्या तोंडासारखं वाजतं. तुम्ही काय करत होतात? कामशात म्हणाली की आधी बूट काढ.

तेव्हापासून रोज दुपारी येतो. मी सांगतो, तुझी आपा लिहिते. माझ्यापेक्षा तिचं अक्षर चांगलं. प्रत्येक सुराला विचारते की हा मुळात कुणाचा होता, तो कुठे गेला, आता कुणाला दिला. तिला उत्तर मिळाल्याशिवाय पेन्सिल खाली टेकत नाही, म्हणून काम मुंगीच्या पावलांनी चाललंय. येरनार पेन्सिल फार दाबतो म्हणून त्याला ओरडते.

काल त्या संथ भागातल्या घराशी आलो. येरनार म्हणाला की इथे क्लॅरिनेट मोकळी आहे, तिला देता येईल. बरोबर होतं त्याचं. मला आधीच सुचायला हवं होतं. नको म्हटलं. का म्हणून विचारलं त्याने. बाल्कनीत लांबच्या माणसाचा सिबागा टांगलेला असतो, भूक लागली म्हणून कुणी तो उतरवून खातो का, असं काहीतरी म्हणालो.

कामशात उठली. पेन्सिल ठेवली आणि नातवाचं शाईचं पेन घेऊन आली. चौतीसही वह्यांत ते घर शोधलं आणि प्रत्येकात वाल्देमारचं नाव लिहिलं. वाळेपर्यंत एकही वही मिटू दिली नाही.

तुझाही वाटा अजून बाल्कनीत आहे. बर्फ वितळायच्या आत ये.
तुझा झेझ्दे,
सेइतकाली